पाय कोणाच्या हाती द्यायचे?

वाचकाचे पत्र, थोडक्यात : ‘मी 27 वर्षांचा असून मूळचा नाशिकचा आहे आणि हिंजवडीतील एका कंपनीत नोकरी करतो. माझी उंची 160 सेंटिमीटर म्हणजे पाच फूट तीन इंच आहे. लग्नासाठी तीन ठिकाणी बोलणी झाली आणि तिन्ही ठिकाणी उंचीवरून नकार आला. पाय लांब करण्याच्या शस्त्रक्रियेने सहा सेंटिमीटर उंची वाढवायचे मी ठरवले आहे. दोन पर्याय समोर आहेत. एक इस्तंबूलमधील रुग्णालय, ज्याच्या पॅकेजमध्ये विमान, हॉटेल आणि शस्त्रक्रिया सारे काही आहे. दुसरे आपल्याकडच्या एका महानगरातील सर्जन, ज्यांचे व्हिडिओ मी वर्षभर पाहतो आहे. दोन्हीकडून “तीन महिन्यांत ऑफिसला रुजू व्हाल” असे सांगतात. इस्तंबूलची सवलत या महिनाअखेरपर्यंत आहे. घरी अजून सांगितलेले नाही. सर्जन निवडताना नेमके काय पाहावे?’

प्रिय वाचक,

उत्तर देण्याआधी माझी भूमिका सांगते. मी फिजिओथेरपिस्ट आहे. शस्त्रक्रिया मी करत नाही. पण हाड लांब होत असताना गुडघा आणि घोटा आखडू नये म्हणून जे रोजचे काम करावे लागते, ते मी अठ्ठावीस वर्षे करत आले आहे. माझ्याकडे आलेले बहुतेक रुग्ण अपघातात हाडाचा तुकडा गमावलेले, पोलिओने एक पाय आखूड राहिलेले किंवा जन्मतः वाकड्या पायांचे होते. केवळ उंचीसाठी शस्त्रक्रिया करून घेतलेले गेल्या काही वर्षांत येऊ लागले. त्यामुळे सर्जनचे काम मी शस्त्रक्रियागृहात पाहिलेले नाही, ते पुढच्या आठ-दहा महिन्यांत रुग्णाच्या पायात पाहिले आहे, आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला त्याच बाजूने देता येईल.

माझे मत विचाराल तर 160 सेंटिमीटर उंचीच्या निरोगी तरुणाने दोन धडधाकट पायांची हाडे कापून घेऊ नयेत. हे आधीच सांगून टाकते, कारण ते मनात ठेवून तुम्हाला सर्जन निवडायला मदत करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पण तुम्ही तो प्रश्न विचारलेला नाही. तुम्ही सज्ञान आहात, पैसे तुमचे आहेत आणि तीन नकारांचे दुःख तुमचे तुम्हालाच ठाऊक. शस्त्रक्रिया होणारच असेल तर ती योग्य हातांनी व्हावी, एवढ्यासाठी पुढचे लिहिते.

ही पद्धत नवी नाही, हे प्रथम लक्षात घ्या, कारण जाहिरातींत ती नेहमी ‘अत्याधुनिक तंत्रज्ञान’ म्हणून येते. सोव्हिएत संघातील सैबेरियाच्या कुर्गान शहरात डॉ. गाव्रिल इलिझारोव यांनी 1950 च्या दशकात ती विकसित केली. युद्धात आणि अपघातांत हाडे मोडून न जुळलेले रुग्ण त्यांच्याकडे येत. हाड अलगद कापून त्याची दोन टोके फार हळू, दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या वेगाने, दूर नेली तर मधल्या फटीत नवे हाड तयार होते, आणि तो मिलिमीटरही एकदम न ओढता चार वेळा पाव-पाव करून ओढला तर हाड अधिक चांगले धरते, हे त्यांनी दाखवून दिले. इटलीचे गिर्यारोहक कार्लो माउरी 1980 साली कुर्गानला जाऊन आपला जुना मोडलेला पाय बरा करून आले. दुसऱ्याच वर्षी इलिझारोव इटलीत व्याख्यानासाठी गेले आणि पद्धत पश्चिमेकडे पसरली. आज मांडीच्या हाडाच्या पोकळीत बसवलेला आणि बाहेरून चुंबकाच्या यंत्राने लांब होणारा रॉड मिळतो, पण पाया तोच आहे. हाड वेगाने ओढले तर जुळत नाही, फार हळू ओढले तर वेळेआधीच जुळून बसते, आणि भोवतीचे स्नायू, शिरा व मज्जातंतू हाडाइतक्या तत्परतेने वाढत नाहीत.

हे शेवटचे वाक्य मनात पक्के ठेवा, कारण सर्जन निवडण्याची माझी सारी कसोटी त्यातूनच येते. हाड कापून आत रॉड किंवा पायाभोवती पिनांनी हाडाला धरलेली धातूची रिंग बसवणे हे दोन-चार तासांचे काम आहे आणि ते शिकलेले हात आपल्या देशात पुष्कळ आहेत. खरी शस्त्रक्रिया त्यानंतर सुरू होते आणि ती रोज, मिलिमीटरच्या हिशोबाने, दोन महिने चालते. त्या दोन महिन्यांत दर आठ-दहा दिवसांनी तुमचा एक्स-रे कोण पाहणार, पाऊल घोट्यातून वर किती येते हे कोण मोजणार, आणि काही बिघडते आहे असे दिसले तर वेग कमी करण्याचा किंवा लांबवणे थांबवण्याचा निर्णय कोण घेणार, याचे उत्तर ज्या सर्जनकडे स्वतःच्या नावाने आहे, त्यालाच पाय द्यावेत.

एक उदाहरण देते. काही वर्षांपूर्वी एक तरुण माझ्याकडे आला. त्याच्या दोन्ही नडग्यांवर रिंगा होत्या. शस्त्रक्रिया दुसऱ्या शहरात झाली होती, तिसऱ्या आठवड्यात त्याला घरी पाठवले होते आणि पुढचे सगळे व्हिडिओ कॉलवर चालले होते. दहा नंबरच्या पान्याने दिवसातून चार वेळा प्रत्येक नटाला पाव फेरा द्यायचा, हे काम त्याने इतके मनापासून केले होते की नटांवर नेलपॉलिशच्या खुणा करून वहीत तारीखवार नोंद ठेवली होती. एकही फेरा चुकला नव्हता. पण त्याला उभे केले तेव्हा दोन्ही टाचा जमिनीपासून तीन बोटे वर होत्या आणि त्याने त्यांच्याखाली घडी घातलेला टॉवेल सरकवला, जणू ती रोजची सवयच झाली होती. पोटरीचा स्नायू आणि त्याला टाचेशी जोडणारी जाड कंडरा हाडाबरोबर लांबली नव्हती. त्यांनी पाऊल खाली ओढून धरले होते. पाच आठवड्यांत त्याचा एकही एक्स-रे कोणा सर्जनने हातात घेऊन पाहिला नव्हता. घोटा हाताने तपासायला तर समोर कोणीच नव्हते, आणि कॅमेऱ्यात टाच किती वर आहे ते दिसत नाही, कारण माणूस बसून बोलतो. पुढे त्याला टाचेमागची ही कंडरा लांब करण्याची आणखी एक शस्त्रक्रिया करावी लागली. त्याच्या सर्जनचे हात वाईट होते असे मी म्हणणार नाही; हाड सुरेख कापले होते आणि रिंग सरळ बसवली होती. त्या हातांना पुढच्या दोन महिन्यांत तिथे असायला हवे होते.

आता तुमच्या दोन पर्यायांकडे येते. इस्तंबूलमध्ये उत्तम सर्जन नाहीत असे मला मुळीच सुचवायचे नाही. परदेशी रुग्ण घेणाऱ्या रुग्णालयांना तिथल्या आरोग्य मंत्रालयाचे स्वतंत्र प्रमाणपत्र लागते, ते मागून पाहा. मात्र त्यातून रुग्णालयाची ओळख पटते, सर्जनच्या हाताची नाही. माझा प्रश्न कॅलेंडरचा आहे. तुमच्या पॅकेजमध्ये हॉटेलचे किती आठवडे आहेत ते पत्रात नाही, पण सहा सेंटिमीटर म्हणजे रोज एक मिलिमीटरप्रमाणे साठ दिवस, आणि त्याआधी पाच-सात दिवसांची विश्रांती. हे सगळे दिवस तुम्ही तिथे राहणार असाल तर गोष्ट वेगळी. तसे नसेल तर अर्धे लांबवणे नाशिकच्या घरी होणार, आणि काही बिनसले तर तुम्ही पुण्या-मुंबईतल्या एखाद्या सर्जनच्या दारात उभे राहाल. दुसऱ्याने अर्धवट ठेवलेले आणि कोणते उपकरण कोणत्या हिशोबाने बसवले याची नीट कागदपत्रे नसलेले काम अंगावर घ्यायला चांगले सर्जनही कचरतात, आणि त्यांचे चुकते असे मला वाटत नाही. शिवाय नुकतीच हाडे कापलेली असताना लांबच्या विमानप्रवासात पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी कोणते औषध देणार, हेही विचारून घ्या.

दुसरे सर्जन आपल्याच देशातले आहेत, ही जमेची बाजू. पण त्यांची निवड तुम्ही व्हिडिओंवरून केली आहे, आणि व्हिडिओत उंची मोजण्याचा दिवस असतो, टाच टेकत नसल्याचा दिवस नसतो. रुग्ण मिळवण्यासाठी डॉक्टरांनी जाहिरात करणे आणि रुग्ण पाठवणाऱ्याला कमिशन देणे, या दोन्ही गोष्टींना भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेत मनाई आहे. ज्या माजी रुग्णाशी ते तुमचे बोलणे करून देतील, त्याला तुमच्या येण्याने काही सवलत मिळते का, हे सरळ विचारा. ‘हो’ म्हणाला तरी तो खोटेच बोलेल असे नाही, पण त्याचे बोलणे कोणत्या तागडीत टाकायचे ते तुम्हाला कळेल.

तपासणी कागदापासून सुरू करा. सर्जनचा नोंदणी क्रमांक राज्य वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत पडताळा. महाराष्ट्रातले असतील तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे. पदवी अस्थिरोगशास्त्रातली हवी, एमएस किंवा डीएनबी. ‘कॉस्मेटिक सर्जन’ एवढीच पाटी पुरेशी नाही, कारण हे काम त्वचेचे नाही, हाडांचे आहे. ही किमान पात्रता झाली आणि ती हजारो जणांकडे असते. त्यापुढे ते वर्षभर काय करतात हे विचारा. वर्षभर गुडघे बदलणारा आणि अधूनमधून उंची वाढवणारा सर्जन या कामाला चालणार नाही. न जुळलेली हाडे, हाडातला जुना जंतुसंसर्ग, लहान मुलांचे आखूड आणि वाकडे पाय हे ज्यांच्या ओपीडीत रोजचे आहे, त्यांच्याकडे जा, कारण तुमच्या पायात जे बिघडू शकते ते दुरुस्त करणे हेच त्यांचे मूळ काम असते. अशी ओपीडी तासभर बसून पाहता येते. बाकावर रिंगा घातलेली, शेतकरी, मजूर, शाळकरी अशी माणसे दिसली तर मला बरे वाटेल. नुसते उंचीसाठी आलेले तरुण आणि गुळगुळीत कागदावरची माहितीपत्रके दिसली तर मी उठून येईन.

मग समोरासमोर बसून प्रश्न विचारा, आणि उत्तरे वहीत लिहून घ्या. तुम्ही स्वतःच्या हाताने अशा किती शस्त्रक्रिया केल्या, आणि त्यांतल्या किती रुग्णांना ठरलेली नसलेली दुसरी शस्त्रक्रिया लागली? हा प्रश्न माझ्या मते सगळ्यांत मोलाचा आहे. हाड उशिरा जुळणे किंवा न जुळणे, वेळेआधी जुळणे, पाय किंचित वाकडा होणे, पिनांभोवती पू होणे, गुडघा न वाकणे, पाऊल उचलणाऱ्या मज्जातंतूवर ताण येणे, हे सारे या कामात चांगल्यांतल्या चांगल्या हातांकडूनही घडते. ‘माझ्याकडे असे कधी झालेच नाही’ असे जो म्हणेल, त्याने एक तर फार थोडे काम केले आहे किंवा घरी गेलेल्या रुग्णांकडे वळून पाहिलेले नाही. ज्याने न चाचरता स्वतःचा आकडा सांगितला आणि त्यातल्या एखाद्या रुग्णाचे पुढे काय केले तेही सांगितले, त्याच्याजवळ थोडे जास्त वेळ बसा. आणखी एक विचारा : ठरलेली लांबी गाठण्याआधीच तुम्ही किती जणांना थांबवले? मी ज्या सर्जनबरोबर सर्वाधिक वर्षे काम केले, त्यांनी एका मुलीला साडेतीन सेंटिमीटरवर थांबवले होते. ती पाच म्हणून हटून बसली, रडली, दोन दिवस बोलली नाही, पण गुडघा वाकेनासा झाला होता आणि ते बधले नाहीत. आज ती जिना चढून माझ्याकडे येते.

उपकरणाबाबत ‘सर्वांत आधुनिक कोणते’ असे विचारू नका. ‘माझ्या हाडाला कोणते आणि का’ असे विचारा. आतला रॉड असला की पिनांच्या जखमा नसतात, पण हाडाच्या पोकळीची रुंदी त्याला पुरेशी हवी. मांडीत रॉड टाकून लांबवले तर पायावरून भार जाण्याची रेषा बाहेरच्या बाजूला सरकते, म्हणून उभे राहून कंबरेपासून घोट्यापर्यंतचा लांब एक्स-रे काढून आधीच मोजमाप करावे लागते; असा एक्स-रे न पाहता जो तारीख देतो, त्याने तुमचे पाय अजून पाहिलेलेच नाहीत. नडगीत रॉड टाकायचा तर तो गुडघ्याजवळून आत जातो आणि पुढे गुडघेदुखी राहू शकते. नवे ते चांगलेच असते या समजाला एक मोठा धक्का बसलेला आहे : पूर्ण भार घेता येतो म्हणून गाजलेला ‘स्ट्राइड’ नावाचा रॉड, रॉडचे दोन भाग जुळतात त्या जागी गंज आणि हाडात बदल आढळल्यावर, कंपनीने 2021 साली बाजारातून परत घेतला. दोन्ही मांड्यांवर एकाच दिवशी शस्त्रक्रिया करणार असतील तर हाडातली चरबी रक्तात जाऊन फुप्फुसात अडकू नये म्हणून काय काळजी घेणार, हे सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांना विचारा.

‘तीन महिन्यांत ऑफिसला’ हे वाक्य मला खटकले. साठ दिवस लांबवल्यावर मधले नवे हाड कापसासारखे मऊ असते. ते भार घेण्याइतके घट्ट व्हायला लांबवण्याच्या काळाच्या दुप्पट, कधी त्याहून अधिक वेळ लागतो. खुर्चीवर बसून लॅपटॉपवर काम करणे तीन महिन्यांत जमेलही, पण आधाराशिवाय नीट चालायला सहा ते नऊ महिने धरून चाला आणि धावण्या-खेळण्याला वर्ष. त्या काळात रोज काही तास व्यायाम असतो आणि तो दुखतो. ‘फिजिओ लागला तर बघू’ असे म्हणणारा सर्जन मला चालणार नाही. त्याच्या विभागात या रुग्णांची सवय असलेला फिजिओथेरपिस्ट असावा आणि त्याने ‘थांबा’ म्हटले तर सर्जनने ऐकावे. शस्त्रक्रियेपूर्वीच त्या फिजिओला भेटा. तुमच्या पोटऱ्या आणि मांड्यांमागचे स्नायू आधीच आखडलेले असतील तर तो आजच सांगेल.

एक गोष्ट सर्जनने तुम्हाला विचारायला हवी. तंबाखू, सिगारेट, गुटखा यांपैकी काही आहे का, आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी केली का, हे तर हवेच, कारण निकोटिनने हाड जुळणे मंदावते. पण त्याहून महत्त्वाचे, ‘उंची का वाढवायची आहे?’ हा प्रश्न. उत्तर ऐकून जो तुम्हाला मानसोपचारतज्ज्ञाकडे एकदा जाऊन यायला सांगेल, त्याचा राग मानू नका. सहा सेंटिमीटरने तुम्ही 166 सेंटिमीटर व्हाल. पुढचा नकार पगारावरून किंवा पत्रिकेवरून आला तर काय, हे शस्त्रक्रियेपूर्वी कोणाशी तरी बोलून झालेले बरे. चीनने 2006 साली केवळ उंचीसाठीच्या या शस्त्रक्रियांवर बंदी घातली. आपल्याकडे तशी बंदी नाही, त्यामुळे नकार देण्याची जबाबदारी एकट्या सर्जनवर येते आणि ती तो पार पाडतो का, हे पाहणे तुमच्या हाती आहे.

पैशांचे थोडक्यात. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आरोग्य विम्यात सहसा बसत नाही आणि त्यातून उद्भवलेल्या गुंतागुंतीचा खर्चही मिळेल असे धरू नका. रॉड वर्ष-दोन वर्षांनी काढावा लागतो; तो खर्च, फिजिओ, एक्स-रे आणि ठरलेली नसलेली दुसरी शस्त्रक्रिया पॅकेजात आहे का, हे लेखी घ्या. संमतिपत्र शस्त्रक्रियेच्या सकाळी सहीसाठी पुढे येते; ते आठवडाभर आधी मागून घरी नेऊन वाचा. कागदपत्रांची मागणी केल्यावर ती 72 तासांत देणे आपल्याकडच्या डॉक्टरांवर बंधनकारक आहे, तेव्हा बसवलेल्या उपकरणाच्या स्टिकरसकट सगळे जवळ ठेवा. आणि जो सर्जन तुमच्यावर शस्त्रक्रिया करणार नाही, ज्याला तुमच्या होकारातून काही मिळणार नाही, अशाचे दुसरे मत घ्या. ससूनच्या किंवा मुंबईच्या केईएम, सायनच्या अस्थिरोग विभागात केसपेपर काढून ते घेता येते. रांगेत वेळ जाईल, तो जाऊ द्या.

घरी सांगितले नाही, असे तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिले आहे. पहिले सहा आठवडे तुम्हाला रात्री कूस बदलायला, कमोडवर बसायला, आंघोळीला आणि पिनांच्या ड्रेसिंगला माणूस लागेल. दुखणे रात्री वाढते, तेव्हा हॉटेलची घंटा वाजवून चालत नाही. शिवाय चांगला सर्जन रुग्णाला एकटे घेत नाही. ‘बरोबर कोण आहे?’ हे तो पहिल्याच भेटीत विचारतो. आईला एकदम सांगणे जड जात असेल तर मोठ्या बहिणीला, मामाला, कोणाला तरी विश्वासात घ्या आणि दुसऱ्या मताच्या भेटीला त्यांना बरोबर न्या, म्हणजे डॉक्टर काय म्हणाले ते तुमच्याखेरीज आणखी एका कानाने ऐकलेले असेल.

महिनाअखेरची सवलत जाऊ द्या. तेवढ्या दिवसांत उभ्याने काढलेला लांब एक्स-रे आणि रक्ततपासणी करून घ्या आणि दोन्ही सर्जनना वरचे प्रश्न ई-मेलने पाठवा. कोणाचे उत्तर येते, ते सर्जन स्वतः देतात की विक्री विभाग, हे पाहा आणि मला कळवा. एक्स-रे पाठवलात तर मी तो माझ्या ओळखीच्या अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवीन.